सूर्य चुकीच्या बाजूला

हेडसेट काढून डोरोथीबाई म्हणाल्या, “इथे सावली आहे. माझ्या तर डोळ्यांवर ऊन यायचं.”

मी थ्री-डी मॉडेलर. राहते नेपरव्हिलला, ऑफिस शिकागोत. पाडलेल्या इमारती आम्ही कॉम्प्युटरवर पुन्हा उभ्या करतो. हेडसेट लावला की आत बसल्यासारखं चहूकडे बघता येतं. या वेळी काम होतं शिकागोतल्या जुन्या फुटबॉल स्टेडियमचं, जिथे कधीकाळी अमेरिकेची टीम खेळायची. फुटबॉल म्हणजे आपला, इथला सॉकर. त्याच जागी नवं स्टेडियम झालंय, त्यात हिस्टरी रूम उघडायची होती. जुन्यातलं उत्तरेचं मेन गेट तेवढं उरलंय.

डोरोथीबाई ऐंशीच्या पुढच्या, जुन्या प्रेक्षक म्हणून मॉडेल बघायला बोलावलेल्या. लाकडी बाकांच्या स्टँडमध्ये बसून नवऱ्याबरोबर दुपारच्या मॅचेस बघायच्या. ऊन आलं की तो आपली टोपी त्यांना द्यायचा. आमच्या मॉडेलमध्ये सूर्य त्यांच्या पाठीमागे होता.

त्यांची मुलगी हळूच मला म्हणाली, आई हल्ली बरंच विसरते. ते त्यांना ऐकू गेलं.

“म्हणजे ती टोपीही मीच मनाने रचली?”



माझी बॉस लिंडा म्हणाली, मॉडेल फोटोवरून केलंय, सोमवारी ओपनिंग आहे, आता काही चेंज करू नकोस. तरी मी सगळं तपासलं. उत्तर दिशा बरोबर, सूर्याचं सेटिंग बरोबर. फोटोत लाकडी बाकं पश्चिमेलाच होती. मग चुकतंय कोण? बाई, फोटो, की मी?

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन गेटपाशी, तो जिथून काढला होता तिथेच, मैदानाकडे तोंड करून उभी राहिले. फोटोच्या कडेला रेल्वेलाइन होती, मैदानाच्या उजवीकडे. मॉडेलमध्ये आम्ही ती घेतलीच नव्हती. माझ्यासमोर मात्र ती डावीकडे होती. लिंडाला फोन केला. रूळ हलवले असतील, ती म्हणाली. मलाही पटलं. तेवढ्यात ट्रेन गेली, दगडी कमानींच्या पुलावरून. पूल फोटोतलाच होता. तो कोण हलवणार?

मग उलगडलं. स्कॅन करताना निगेटिव्ह पालथी ठेवली गेली होती. डावं ते उजवं झालं. रिकाम्या स्टेडियमचा फोटो, कुठे एक अक्षर नाही, त्यामुळे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

लिंडाने फोटो दोनदा पाहिला आणि मॉडेलची डावी-उजवी बाजू बदलायला सांगितलं. डोरोथीबाईंना पुन्हा बोलावलं. हेडसेट लावताच त्यांनी मान खाली घातली आणि ऊन अडवायला हात कपाळावर धरला. बराच वेळ तो काढला नाही. मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आता जुना फोटो आला की तो सुलटा आहे का, हे मी आधी विचारते. आणि कोणाची आठवण मॉडेलशी जुळली नाही, तर आधी मॉडेल तपासते.