मोताळ्याच्या वहीत माझं नाव

पुण्याहून निघताना बायकोने माझ्या बॅगेत एक रिकामी पिशवी कोंबली आणि म्हणाली, "शाली-नारळ यात आणा. मागच्या वेळी नारळ बॅगेतच फुटला होता." मी चिडलो. मी सत्कार करून घ्यायला नव्हतो निघालो, तपासणीला निघालो होतो. सरकारी कार्यालयांत संगणकाची आणि नोंदींची कामं सांभाळणाऱ्या पथकांना दरवर्षी उत्कृष्टतेचा पुरस्कार देतात, त्या समितीवर मी आहे. नोकरीत असताना अशाच कार्यालयांसाठी संगणक प्रणाली लिहायचो. यंदा यादीत पहिला नंबर बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कार्यालयाचा होता. तिथे जायचं, काम डोळ्यांनी पाहायचं, अहवालावर सही करायची आणि परत यायचं. कार्यालयाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

शेगावला गाडीतून उतरलो आणि फलाटावरच पहिली शाल अंगावर पडली. कार्यालयातले दोघे जण पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. मी म्हटलं, "चला, थेट कार्यालयात जाऊ."

"असं कसं सर? पह्यले दर्शन, मंग कचोरी, मंग हापिस," त्यांतला वयस्कर म्हणाला. "शेगावले येऊन दर्शन नाई घेतलं तर घरचे आमालेच बोलतीन."

दर्शनाची रांग मात्र शिस्तीत सरकत होती. सगळीकडे स्वच्छता होती, कुणी कुणावर ओरडत नव्हतं, आणि हे सगळं कुठल्याही पुरस्काराशिवाय चाललं होतं. कचोरी कढईतून काढलेली होती आणि मी घाईत पहिलाच घास मोठा घेतला. जीभ अशी भाजली की पुढचे दोन तास मी सगळ्यांशी अर्धवटच बोलत होतो. त्यांना वाटलं, पुण्याचे साहेब गंभीर आहेत.

कार्यालयापर्यंतचा रस्ता देखणा होता. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, आणि जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रकांतून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना लटकत होता. मला थांबून बघायचं होतं. "आधीच उशीर झाला सर, सत्काराले लोकं बसून राह्यले," असं म्हणून त्यांनी गाडी थांबवली नाही.

दारात रांगोळी, फळ्यावर माझं नाव, टेबलावर दोन नारळ. दुसरी शाल कक्षप्रमुखांनी घातली, तिसरी कर्मचाऱ्यांतर्फे. भाषणं झाली. मी तीन वेळा म्हटलं, "काम दाखवता का?" तिन्ही वेळा चहा आला. चौथ्या वेळी वीज गेली.

काम तसं साधंच होतं. कोतवाल बुकातल्या (गावोगावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या) नोंदी शोधून लोकांना नक्कल द्यायची. पोराच्या दाखल्याला, वारसाला, कशाकशाला ती लागते. आता वह्या संगणकावर चढल्या आहेत आणि अर्जही तिथेच होतो. कक्षप्रमुख अभिमानाने सांगत होते, "सर, आमच्याकडे एका दिवसात अर्ज निकाली. एकही पेंडिंग नाही!"

वीज आली तेवढ्यात खिडकीशी एक गृहस्थ आले. डोक्याला उपरणं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदं. "माही नक्कल देता का?"

"तुमचा अर्ज निकाली निघाला. मोबाइलवर मेसेज आला असन," खिडकीतला कारकून म्हणाला.

"मेसेज आला ना. कागद कुठी हाये? तिसरी चक्कर हाये माही."

कारकुनाने मागचा ड्रॉवर ओढला. तो अर्धाच उघडला, इतका कागदांनी गच्च भरला होता. त्याने वरचे चार कागद चाळले आणि सांगितलं, "सापडत नाई बाप्पा. नवा अर्ज करा." गृहस्थ नव्या अर्जाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. म्हणजे उद्या आणखी एक अर्ज एका दिवसात निकाली निघणार होता.

मी कक्षप्रमुखांकडे वळलो. ते बिचकलेही नाहीत. "सर, कागद छापला की 'निकाली'चं बटण दाबायचं. प्रणाली तेवढ्यावर काम झालं असं धरते. आम्ही नियमाबाहेर काहीच करत नाही."

यावर मी फाडफाड बोलायला हवं होतं. मी गप्प बसलो. का गप्प बसलो ते पुढे येईलच.

भिंतीवर जिल्ह्याचा रंगीत तक्ता होता. सगळ्यात वर हिरव्या पट्टीत हे कार्यालय, सगळ्यात खाली लाल पट्टीत मोताळ्याचं नक्कल केंद्र. "तिथे एक कंत्राटी ऑपरेटर बाई आहे," कक्षप्रमुख म्हणाले. "अर्ज आठ-आठ दिवस उघडा ठेवते. यंदा शेवटच्या नंबरवाल्यांची कंत्राटं वाढवणार नाहीत. या महिनाअखेर सुटेल ती." मी अहवाल पुण्याहून पाठवतो म्हणालो आणि उठलो. निघताना महिला कर्मचाऱ्यांतर्फे चौथी शाल मिळाली. बायकोची पिशवी भरली होती आणि त्याचाच मला जास्त राग आला.

रात्री बुलढाण्याला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून मलकापूरची एसटी पकडली. दुपारची रेल्वे मलकापूरहून होती. राजूर घाटात धुकं होतं, आणि सागाची मोठाली पानं रस्त्यावर पडून टायरखाली कुरकुरत होती. ते दिवसातलं एकमेव सुख. मोताळ्यात शिरता शिरता टायर बसलं.

"स्टेपनी आहे ना?" मी कंडक्टरला विचारलं.

"हाये. थेबी पंक्चर हाये," तो शांतपणे म्हणाला. "दुसरी गाडी येईन. घंटा-दीड घंटा धरा. आज बाजार हाये, फिरून या."

मी चरफडत उतरलो. आठवडी बाजार ऐन भरात होता. मिरच्यांचे ढीग, दोऱ्या, विळे, लेकरांचे कपडे. एका बाईकडे कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा होता. भाजलेल्या जिभेवर तो ठेचा ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा होता, पण मी तो केला आणि डोळे पुसत पुढे निघालो. तेव्हा पाटी दिसली, नक्कल केंद्र. म्हटलं, खालून पहिला नंबर तरी बघून जाऊ.

केंद्रासमोर कडुलिंबाच्या झाडाखाली तीस-चाळीस माणसं बसली होती. प्रत्येकाजवळ बाजाराची पिशवी. दारात तिशीतली एक बाई उभी राहून वहीतून नावं पुकारत होती. ती ऑपरेटर वंदनाताई. शेजारी स्टुलावर नक्कलांचा गठ्ठा मांडीवर घेऊन म्हातारे अभिलेखपाल शेषरावकाका. नाव पुकारलं की माणूस उठायचा, काका कागद काढून द्यायचे, वंदनाताई बापाचं नाव, गाव वाचून दाखवायच्या, माणूस "हाव" म्हणायचा, मगच त्या आत जाऊन संगणकावर बटण दाबायच्या आणि वहीतलं नाव खोडायच्या.

गोदाबाई नावाच्या म्हातारीने कागद डोळ्यांजवळ नेला, उलटा धरला, सुलटा केला. "याच्यात माह्या बापाचं नाव हाये?"

"हे पाहा, इथी हाये," वंदनाताईंनी तिचं बोट धरून अक्षरावर ठेवलं. म्हातारीने तिथून बोट बराच वेळ काढलं नाही. मागच्या कुणीही घाई केली नाही.

मी पुढे होऊन विचारलं, "हा कागद छापला कधी?"

"ज्या दिशी अर्ज आला त्याच दिशी सांजच्याले."

"मग अर्ज आठ दिवस उघडा कशाला ठेवता? तेव्हाच बटण का नाही दाबलं?"

"काऊन दाबू?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खेड्यातली मानसं बाजाराच्याच दिशी येतेत. कागद त्याहिच्या हाती पडला नाई, तं काम झालं कसं म्हनाव?"

"पण त्यामुळे तुम्ही यादीत शेवटच्या आहात."

"मालूम हाये. महिनाअखेर घरी बसनार हावो मी. दोन लेकरं हायेत, नवऱ्याचं दुकान बंद पडलं. रोज वाटते दाबून टाकाव बटन." त्यांनी वहीचं पान उलटलं. "मंग थे ड्रॉवर भरनार. मी पाह्यलं हाये तसं."

शेषरावकाका गठ्ठ्यातून मान वर न काढता म्हणाले, "ह्यो नियम कोनं केला, त्याले एक डाव इथी आनून बसवा. बसला असन एसीत, पुन्याले कुठीतरी."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. "मीच केला," मी म्हणालो.

खरंच मीच केला होता. ती प्रणाली लिहिली तेव्हा वरिष्ठांनी विचारलं होतं, काम झालं हे कसं ओळखायचं? मी पुण्यात बसून, पाच मिनिटांत उत्तर दिलं होतं, छापलं की बटण दाबायचं, म्हणजे झालं. आठवडी बाजार नावाची गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. आणि त्याच नियमाने लागलेला नंबर तपासायला मी चार शाली घेऊन फिरत होतो. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

काकांनी चष्मा काढून मला पाहून घेतलं. "बाप्पा!" एवढंच म्हणाले. वंदनाताई हसल्या नाहीत की रागावल्याही नाहीत. मी पिशवीतली एक शाल काढली. खरोखर सत्काराच्या लायकीचं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

"शाल नोको सर," त्या म्हणाल्या. "थो नियम बदला."

"बदलून घेतो. समितीला लिहितो."

"मंग नाव सांगा." त्यांनी वही उघडली. इतरांच्या खाली, त्याच रांगेत, माझं पूर्ण नाव लिहिलं, गाव पुणे, काम नियम बदलणे. "तुमचा फोननंबर सांगा. कागद हाती आला की कळवा. मंग खोडते."

रस्त्यावरून कंडक्टर ओरडत होता. मी पळत जाऊन गाडी पकडली. मलकापूरपर्यंत उभा होतो. एक नारळ कुणाच्या तरी पायाखाली आला आणि फुटला, पाणी एका गृहस्थाच्या नव्या चपलेवर गेलं, आणि त्यांनी मला जे ऐकवलं ते मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

घरी येऊन त्याच दिवशी अहवाल लिहिला. पहिल्या नंबरच्या अहवालावर सही करत नाही, का करत नाही, चुकीचा नियम कोणी केला, मोताळ्यात काय पाहिलं, वंदनाताईंचं कंत्राट का थांबता कामा नये, सगळं लिहिलं. आम्हा सदस्यांनाही अहवाल समितीच्या संकेतस्थळावर, सूचनांच्या रकान्यातच द्यावा लागतो, तिथे चढवला. दुसऱ्याच दिवशी सकाळी मोबाइल वाजला. "आपली सूचना निकाली काढण्यात आली आहे. धन्यवाद." बास, पुढे काहीच नाही. नियम बदलला की नाही, कुणी वाचलं तरी का, काही पत्ता नाही. कुणीतरी कुठेतरी एक बटण दाबलं होतं आणि मी कुणाच्या तरी हिरव्या पट्टीत जमा झालो होतो.

त्या उपरणेवाल्या गृहस्थांचा चेहरा मला तेव्हा आठवला. त्यांच्या जागी उभं राहायला मला इतकी वर्षं आणि बुलढाण्यापर्यंतचा प्रवास लागला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मोताळ्याहून फोन आला. मागे नावं पुकारल्याचा काकांचा आवाज येत होता.

"सर, वहीत तुमचं नाव हाये. काय झालं?"

"निकाली निघालं म्हणतात."

"कागद आला का हाती?"

"नाही."

"मंग खोडत नाई," वंदनाताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. रांगेतलं पुढचं माणूस थांबलं असेल.

महिनाअखेरीला नऊ दिवस आहेत. बायको विचारते आहे, बॅग परत कशाला भरताय. समितीचं कार्यालय मुंबईत आहे. उद्या सकाळी जाऊन त्यांच्या दारात बसणार आहे, आणि नियम बदलल्याच्या आदेशाचा कागद हातात पडेपर्यंत उठणार नाही. शाल घातली तरी उठणार नाही.