पडद्यावरचा धनपाल

आर्जवचा सिनेमा बघायला सांगलीला जायचं म्हणून राजमतीअक्कांनी ठेवणीतलं इरकल नेसलं. त्यांच्या या पोरानं पुण्यात शिकून सिनेमा काढला होता. परग्रहावरची जनावरं येतात आणि त्यांच्याच गावची, डिग्रजची, उसाची रानं गिळत सुटतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. घरच्या मळ्यात शूटिंग झालं तेव्हा त्या लेकीकडं उंब्रजला होत्या.

दिवे मालवले. कृष्णेच्या पुलावर गिळगिळीत जनावरं उतरली. त्यांच्या तोंडातून शेंबडासारखा हिरवा चीक गळायला लागला, माणसं त्यात विरघळायला लागली. शेजारी सुनेनं, प्राचीनं, तोंडावर ओढणी धरली. अक्कांना त्याचं काही वाटलं नाही. उभा जन्म गोठ्यात गेलेला, घाण त्यांनी पुष्कळ उपसली होती.

मग पडद्यावर स्वयंपाकघर आलं. धनपाल नावाचा, म्हणजे अक्कांच्या गेलेल्या नवऱ्याच्याच नावाचा, बाप जेवायला बसला, आमटी खारट लागली आणि त्यानं कढत वाटी बायकोच्या अंगावर भिरकावली. अक्कांनी पदराखाली आपला डावा दंड घट्ट धरला. भाजल्याचा डाग तिथं अजून होता. म्हणजे पोरानं बघितलं होतं तर! तेव्हा केवढासा होता, दाराआड उभा असायचा.

पण पुढं जनावरं मळ्यात शिरली. तोच बाप पाठीवर फवारणीचा पंप अडकवून बायकोपोरांना वाचवायला चिकात उतरला. छातीपर्यंत बुडाल्यावर म्हणाला, "राजमती, मी तुला लय तरास दिला, पर जीव तुझ्यातच हुता गं." बायकोनं हंबरडा फोडला आणि सगळं माफ केलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. मागं कुणीतरी हुंदके देत होतं.

नवऱ्यानं अक्कांना कधी नावानं हाक मारली नव्हती. 'ए' म्हणायचा. अंथरुणाला खिळला, तरी मरायच्या आदल्या दिवशी त्यानं पाण्याचा तांब्या त्यांच्या तोंडावर फेकला होता.

त्या उठून बाहेर गेल्या आणि नळाखाली चूळ भरली. मागोमाग आर्जव आला.

"आई, त्या जनावरांची किळस आली व्हय?"

"जनावरांचं काय न्हाई. तुझा बाप बघून वकारी आली."

"सिनेमा हाय गं. शेवटी बाप बदलला न्हाई तर लोकं रडत न्हाईत."

"मग दुसरा कुणाचा बाप बदलायचा हुतास. दंड माझा भाजला. माफी मी दिली न्हाई. माझ्या वतीनं द्यायला तुला कुणी सांगितलं?"

आर्जव हळूच म्हणाला, "मला तसा बाप पायजे हुता."

"मला बी तसा नवरा पायजे हुता. न्हवता."

त्या प्राचीला घेऊन एसटीनं घरी आल्या.

सिनेमा लय चालला. गावातल्या बायका वाटेत थांबवून म्हणायच्या, "अक्का, काय माणूस गेला हो!" ज्यांनी त्यांच्या पाठीवरच्या वळांना हळद लावली होती, त्यासुद्धा. अक्कांना त्या गोड बोलण्याचीच शिसारी येई. एके दिवशी शेजारचा भरतेश शाल-नारळ घेऊन आला. गावच्या मंडळातर्फे अक्कांचा सत्कार ठरला होता.

"आवं, धनपालकाका म्हंजे देवमाणूस," तो म्हणाला.

"भरतेश, तुमची न् आमची भिंत एकच हाय. माझं वरडणं तुला कवा ऐकू आलं न्हाई?"

भरतेशनं शाल पिशवीत कोंबली आणि काढता पाय घेतला. नारळ तेवढा उंबऱ्यावर राहिला. अक्कांनी तो उचलून त्याच्या मागं नेऊन दिला.

पुढं आर्जवचा फोन आला. टीव्हीसाठी सिनेमा देताना बापाचं नाव बदलून अमृत केलं होतं.

"आता तर झालं का तुझं समाधान?"

"त्या बाईनं माफी दिलीय का अजून?"

"दिलीय," आर्जव म्हणाला. "ते काढलं तर सिनेमाच राहात न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाल्या. "मी बघणार न्हाई."

त्यांच्या घरी तो सिनेमा कधी लागला नाही.