आतोबांच्या काचा

पाहुण्याला सरबत देताना 'ग्लासला हात लावा, पण नीट अंगठा उमटेल असा' असं बजावणारा यजमान सबंध रत्नागिरीत एकच, आणि तो आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबा पोलिसांच्या ठसे विभागातून निवृत्त झाले, पण ठशांनी काही त्यांना सोडलं नाही. ठसा कोणाचा हे शास्त्राला कळतं, कधीचा हे मात्र अजून खात्रीने सांगता येत नाही, याचा त्यांना मनस्वी राग. म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांचे अंगठे घेतलेल्या काचा त्यांनी घरभर मांडल्या होत्या. पडवीत, न्हाणीघरात, अगदी देव्हाऱ्यामागेसुद्धा. कुठला ठसा दमट हवेत किती टिकतो, ते भिंगातून बघत बसायचं. नवा जावई पहिल्यांदा आला, तर चहा विचारण्याआधी त्याची दहाही बोटं घेतली. काचा पुसायची घरात कोणालाच परवानगी नव्हती. "संसार माझा नि काचा यांच्या," आत्या म्हणायची.

गेल्या वर्षी शेजारच्या वहिनींची पाटली हरवली आणि आळ आला सुनंदावर. ती त्यांच्याकडे पूर्वी धुणीभांडी करायची. कपाटाच्या आरशावर अंगठा दिसला, तो तिचाच असणार म्हणून वहिनींनी तिला बोलावून घेतलं आणि आतोबांनाही. "ताजाच आहे ना हो? तेवढं सांगा, की निघालेच पोलिसांत."

आतोबांनी आरसा बराच वेळ न्याहाळला, सुनंदाचा अंगठा ताडून पाहिला. "हिचाच आहे," ते म्हणाले. "पण कालचा, की ही इथे कामाला होती तेव्हाचा, ते मला सांगता येत नाही. पडवीतला माझा चार दिवसांत गेला, देव्हाऱ्यामागचा अजून तसाच आहे."

"मग इतकी वर्षं काचा घेऊन बसलात कशाला?" वहिनी फणकारल्या.

"हेच कळावं म्हणून," आतोबा म्हणाले.

पोलिसांत कोणी गेलं नाही. पण त्या आळापायी सुनंदाची बाकीची कामंही सुटली होती, म्हणून आत्याने तिला आपल्याकडे ठेवलं. पहिल्याच दिवशी मी नि आतोबा मासळी घेऊन परतलो, तर घरातली एकूण एक काच घासून, पुसून अंगणात उन्हाला मांडलेली.

"किती हातांचे डाग होते हो काका," सुनंदा हसून म्हणाली. "आता बघा."

मला हसू फुटणार होतं, पण आतोबांचा चेहरा पाहून ते आवरलं. पिशवी हातात तशीच धरून ते एकेक काच उजेडात बघत होते. मग म्हणाले, "छान लख्ख केल्यास हो."

ते डाग म्हणजे काय होतं, हे सुनंदाला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. ती रोज मन लावून काचा पुसते, आणि तेवढा वेळ आतोबा तोंडासमोर पेपर धरून बसतात.