पाय प्लास्टरमध्ये, कादंबरी अर्ध्यावर

दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी कादंबऱ्या लिहितात हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांना बसून लिहिताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या घरात पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत एक बोळ होता, समोरून माणूस आला तर अंग चोरावं लागेल इतका अरुंद. बोळाच्या टोकाला कोपराइतकं उंच चपलांचं कपाट. कपाटावर कागद, कागद उडू नयेत म्हणून एक जुनं कुलूप, आणि कपाटाच्या मुठीला दोरीने बांधलेली पेन्सिल. मोकळी पेन्सिल मावशी चालता चालता कुठेतरी ठेवायच्या आणि मग सगळं घर डोक्यावर घ्यायच्या. त्या बोळात येरझारा घालायच्या, ओठ हलत असायचे. वाक्य जमलं की कपाटाशी थांबून उभ्या उभ्या लिहायच्या आणि पुन्हा चालू पडायच्या.

ही खोड लागली ती मुलापायी. तो तान्हा असताना खांद्यावर घेऊन फिरवल्याशिवाय झोपायचा नाही. जरा टेकलं की भोकाड पसरायचा. नवरा लांबच्या कामावर, घरात दुसरं कुणी नाही. फिरून फिरून जीव मेटाकुटीला यायचा, तेव्हा मावशी स्वतःलाच गोष्ट सांगायला लागल्या. पोरगं मोठं झालं, लिफ्ट दुरुस्त करायला लागलं, त्याचं लग्न झालं, मावशींचे यजमान वारले. फेऱ्या मात्र थांबल्या नाहीत. खालच्या मजल्यावरचे मास्तर पूर्वी पोहायला शिकवायचे. ते दुपारी आडवे झाले की डोक्यावर मावशींची पावलं सुरू व्हायची, आणि मास्तर केरसुणीच्या दांड्याने छत ठोकायचे. मावशी चिडायच्या, चपला काढायच्या, पण चालायच्या.

तर त्या वर्षी त्यांची कादंबरी एका साप्ताहिकात क्रमशः येत होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची बायको एके सकाळी पिशवी उचलून घराबाहेर पडते, इथवर गोष्ट छापून आली होती. पुढे काय होणार हे मावशींच्या डोक्यात पक्कं होतं. त्यांच्या कादंबरीतली बाई कितीही रुसून गेली तरी शेवटच्या प्रकरणात घरी यायचीच. तिला कुठल्या निमित्ताने परत आणावं याचाच विचार करत त्या जिना उतरत होत्या, आणि शेवटची पायरी संपली असं समजून त्यांनी पाऊल टाकलं. पायरी संपलेली नव्हती.

घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, "हा पाय जमिनीला टेकवायचा नाही."

"मग मी लिहू कशी?" मावशींनी विचारलं.

"हाताला काही झालेलं नाही तुमच्या," डॉक्टर म्हणाले. मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे पुढच्या पेशंटकडे वळले.

मुलाने खिडकीशी टेबल लावलं, पाठीला उशी दिली, नवा दिवा आणला. मावशी त्या टेबलाशी बसल्या आणि रस्ता बघत राहिल्या. कागद कोरा. मग पलंगावर बसून पाहिलं. तिथे डुलकी लागली. जेवणाच्या टेबलावर कोपरं चिकट झाली, त्यापलीकडे काही नाही. सुनेने फोनवर बोलून ठेवायला शिकवलं, तर स्वतःचा आवाज ऐकून मावशी म्हणाल्या, "ही कुठली बाई पाणी आलं नाही म्हणून तक्रार करतेय?" त्यांची बोटं टेबलावर नाचत, चांगला पाय खुर्चीखाली हलत राही. भाजी खारट झाली, पंखा वाजतो, दार कुणी उघडं टाकलं, प्रत्येक गोष्टीवरून तोफ डागली जायची. संपादकांचा फोन आला की "होतंय, होतंय" म्हणायच्या आणि फोन ठेवला की डोळे मिटून बसायच्या.

एके दुपारी खालचे मास्तर वर आले. मावशींना वाटलं, आता हे कशाबद्दल भांडणार?

"वहिनी, पाय कधी बरा होणार?" मास्तरांनी अवघडून विचारलं. "मला दुपारची झोप येत नाही हो. तुमच्यावर चरफडत झोपायची सवय झालीय."

मावशी कितीतरी दिवसांनी हसल्या. पण मास्तर गेल्यावर जास्तच तगमग झाली.

मावशींची सून चष्म्याच्या दुकानात होती. फ्रेम निवडून देण्यापासून काचा बसवून घेण्यापर्यंत सगळं तीच बघायची. दुकानाचा मालक डोळे तपासायच्या खोलीतली चाकांची जुनी खुर्ची टाकून देणार होता. ती तिने रिक्षात घालून आणली. मुलाने खुर्चीला पुढे फळी ठोकली, म्हणजे प्लास्टरचा पाय तिच्यावर लांब ठेवता येईल.

"बसा आई," सून म्हणाली. "मी ढकलते, तुम्ही सांगा. टोकाला पोचलो की मी लिहीन."

"म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकायच्या?"

"हाका. शेळ्या तरी हलतील."

चाकं कुरकुरली. पहिल्या फेरीत मावशी नुसत्या ओरडत होत्या: हळू, भिंत, एवढी नाही माझी चाल. दुसऱ्या फेरीत गप्प झाल्या. त्यानंतर कधीतरी बोळाच्या मध्यावर त्यांचे ओठ हलायला लागले आणि सून कपाटाकडे धावली. खालून दांडा ठोकला गेला. पावलांपेक्षा चाकांचा आवाज मोठा होता; पण त्या दिवशी मावशींना तो दांडा बँडबाजासारखा वाटला.

आठवडाभर असं चाललं. दुकानातून आल्यावर सून चहा घ्यायची आणि खुर्चीच्या पाठीला हात लावायची. घड्याळवाल्याची बायको दुसऱ्या गावी पोचली, तिने खोली घेतली, एका कपड्यांच्या दुकानात कामाला लागली. मग एका संध्याकाळी मावशी म्हणाल्या, "आता लिही: 'आणि त्या रात्री तिला घराची आठवण आली.'"

खुर्ची थांबली.

"आई, ती परत यायची नाही."

"तू ढकल."

"ढकलते. पण ती यायची नाही."

"का नाही? नवरा चांगला आहे. मारत नाही, टाकून बोलत नाही."

"ती नवऱ्यावर रागावून गेलीच कुठे? आपल्याला काय काय जमतं ते बघायला गेलीय. आत्ता कुठे जमायला लागलं, तर तुम्ही तिला परत ओढताय."

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. "इतक्या कादंबऱ्या लिहिल्या मी. आता तू मला शिकवणार?"

सुनेने खुर्ची पुढच्या खोलीत नेऊन सोडली आणि ती भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मावशी स्वतःच खुर्चीत बसल्या. चांगल्या पायाने जमीन ढकलत निघाल्या. बोळात मध्यावर वळायला गेल्या आणि खुर्ची आडवी झाली. फळी एका भिंतीला, पाठ दुसऱ्या भिंतीला. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. हाका मारायची लाज वाटली. मग तशाच बसून राहिल्या. समोर भिंत. चालायचं नाही, लिहायचं नाही, काही नाही. आणि डोक्यात सुनेचं ते वाक्य घोळत राहिलं. गोष्टीतल्या बाईसाठी कुणी इतकं पोटतिडकीने बोलत नाही, हे गोष्टी लिहिणाऱ्या बाईला कळायला तसा फार वेळ लागला नाही.

सून आली, दार उघडलं आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

"हसू नकोस," मावशी म्हणाल्या. "आणि आधी मला सोडवूही नकोस. तू कुठे जाणार आहेस ते सांग."

सून तिथेच जमिनीवर बसली. दुकानाचा मालक दुसऱ्या गावात शाखा काढत होता आणि ती तिने सांभाळावी असं त्याचं म्हणणं होतं. उत्तर लवकर द्यायचं होतं.

"त्याला माहीत आहे?" मावशींनी मुलाबद्दल विचारलं.

"हो. म्हणतो, तोही येईल. लिफ्ट सगळीकडे बंद पडतात. पण तुमचा पाय बरा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही म्हणाला."

"म्हणजे तुम्ही दोघं माझ्या पायाच्या तालावर श्वास घेताय?" मावशींचा आवाज चढला. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "आणि माझं काय ठरवलंय?"

"तुम्ही पण चला ना, आई."

"तिथे बोळ आहे?"

सून खोटं बोलली नाही. "नाही. एकच मोठी खोली आहे."

"मग जा तुम्ही," मावशी म्हणाल्या. "आता ही खुर्ची ओढ, माझी कंबर मोडली."

त्या दोघींनी उरलेली प्रकरणं भांडत भांडत लिहिली. मावशी एक वाक्य सांगायच्या, सून नाक मुरडायची, मावशी शिव्या घालायच्या आणि वाक्य बदलायच्या. घड्याळवाल्याची बायको परत आली नाही. शेवटचं प्रकरण छापून आलं तेव्हा वाचकांनी संपादकांना भंडावून सोडलं. एका बाईंनी फोनवर मावशींनाच सुनावलं, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मावशी म्हणाल्या, "माझीही नव्हती," आणि दिवसभर अस्वस्थ राहिल्या. आपण चूक केली की बरोबर, हे त्यांना ठरवताच आलं नाही.

प्लास्टर निघालं, मुलगा आणि सून गेले. बोळ मोकळा झाला. पण घोटा ताठर झाला होता. काठी टेकत चालताना एक पाऊल लांब पडायचं, एक आखूड, आणि वाक्यंही तशीच लंगडत यायची. मावशींनी कितीतरी कागद फाडले. खालून दांडा वाजायचा. त्यानेही आता काही सुचायचं नाही.

शेवटी कंटाळून त्या पोरांकडे राहायला गेल्या. एकच खोली, तिच्यात दोन पलंग, टेबल, कपाट. पाय टाकायला जागा नाही. मावशींची चुळबुळ बघून सून म्हणाली, "आई, वर गच्ची आहे. कठडा धरून सावकाश जा."

गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या, वाळत घातलेल्या चादरी होत्या, वारा होता. मावशी काठी टेकत या टाकीपासून त्या टाकीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. इथे वळायला जागा होती. फेऱ्या वाढल्या. आणि एका चादरीखालून वाकून पलीकडे जाताना त्यांना एक वाक्य सुचलं. नव्याकोऱ्या गोष्टीचं पहिलं वाक्य. जवळ कागद नव्हता, पेन्सिल नव्हती. त्यांनी खाली हाक मारली. कुणी ऐकली नाही. मग ते वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटत, कठडा घट्ट धरून, प्रत्येक पायरी नीट बघत त्या जिना उतरल्या आणि काठीनेच दार ठोठावलं.

सुनेने दार उघडलं. "काय झालं आई? पाय दुखतोय का?"

"काही बोलू नकोस," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "लिही."