नांदेड ते लातूर, गोठलेल्या बोटांनी

"मराठवाड्यात कसली आलीय थंडी?" असं विचारणाऱ्या तमाम पुणेकरांना माझं जाहीर आमंत्रण आहे. जानेवारीत पहाटे साडेचारला जुन्या मोटारसायकलवर नांदेडहून लातूरला निघा. पोचल्यावर शर्टाचं बटण काढता आलं तर मला कळवा.

मी हौसेनं निघालो नव्हतो. माझी लेक ऋतुजा अकरावीला लातूरच्या एका क्लासला आहे, तिथल्याच होस्टेलला राहते. दर शनिवारी सकाळी सहाला पेपर असतो आणि संध्याकाळी पालकांच्या मोबाइलवर मार्कांचा मेसेज. त्या शनिवारी मेसेज आला: एकतीस प्रश्न कोरे, विद्यार्थिनीला खालच्या बॅचमध्ये टाकलं आहे. मी फोन केला. ती म्हणाली, "बाबा, उत्तरं येत होती. थंडीनं बोटंच चालत नव्हती, उत्तरपत्रिकेवरचे गोळे रंगवायला वेळ पुरला नाही."

मी बावीस वर्षं हायस्कूलला मास्तर आहे. पोरांचे बहाणे ऐकण्यात माझी हयात गेली. म्हणालो, "हे बहाणे माझ्यापुढं नकोत. खोटं बोलायला तुला तिथं ठेवलेलं नाही." तिनं फोन ठेवला. मी आणखी भडकलो आणि ठरवलं, उद्याच जायचं आणि समोर बसवून खडसवायचं.

पालकांनी भेटायची वेळ रविवारी आठ ते नऊ. फक्त तेवढीच! बाहेरगावच्या माणसानं काय आदल्या रात्री येऊन दारात पथारी पसरायची? पहाटेची गाडी नऊच्या आत पोचवेल याची खात्री नव्हती, म्हणून वडिलांची टू-स्ट्रोक काढली. तिचं वय माझ्या नोकरीपेक्षा जास्त. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकी भरली आणि वजिराबादेतून साडेतीनशे रुपयांचे हातमोजे घेतले. दुकानदार छातीवर हात ठेवून म्हणाला, "अस्सल लेदर हाय सर, काश्मीरला चालतंय." काश्मीरला चालत असेल, लोह्याला चालत नाही.

नांदेड ते लोहा पस्तीस किलोमीटर. रस्ता निम्मा नवा आणि निम्मा खणलेला, त्यामुळे क्लच सतत दाबावा लागतो. आधी करंगळी जाते, मग तिच्या शेजारचं बोट. शिवणीतून वारं असं शिरत होतं की लोह्याला उतरलो तेव्हा चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरावा लागला. चहावाल्यानं हातमोज्यांच्या आत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालायला सांगितल्या. हा सल्ला इंटरनेटवरही ठिकठिकाणी वाचायला मिळतो. दहा किलोमीटर बरं वाटतं, मग आत घाम सुटतो, तो गार होतो आणि हात पहिल्यापेक्षा वाईट गारठतात. सल्ला देणाऱ्यांनी पुढचे दहा किलोमीटर कधी केलेच नसावेत.

अहमदपूरला तांबडं फुटत होतं. गाड्यावर गरमागरम सुशीला मिळाली. म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, वर शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. या रस्त्यावर थांबायचं तर इथंच थांबा. खाईपर्यंत गरम व्हावेत म्हणून हातमोजे इंजिनवर पसरून ठेवले आणि स्वतःच्या अकलेवर खूष झालो. चौथ्या घासाला जळकट वास आला. एक हातमोजा इंजिनला चिकटून वितळला होता. अस्सल लेदर! उचकटला तर हातात रेक्झिनचं लिबलिबीत भोक आलं. गाडेवाला हसून म्हणाला, "सर, भजे तळून राहिले का?" मी त्याच्याकडे रागानं बघितलं आणि उजव्या हातात पायमोजा चढवला.

चाकूरच्या अलीकडे एक दूधवाला शेजारी आला. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले, आणि हँडलच्या दोन्ही मुठींवर खताच्या गोणीच्या शिवलेल्या पिशव्या. आत जुन्या गोधडीचं अस्तर. त्याचे हात कोपराच्या खालपर्यंत त्या पिशव्यांत होते आणि तो आरामात गाणं म्हणत होता. माझा पायमोजा बघून त्यानं मला थांबायलाच लावलं.

"सर, मोजे हाताला घालत नसत्यात, हँडलला घालत्यात. वारं हातापतूर येऊच द्यायचं न्हाई." कॅनखालची रिकामी गोणी त्यानं ओढून काढली. "ही घ्या. दोन तुकडे करून सुतळीनं बांधून देतो. पाच मिनिटं लागत्यात."

मी नको म्हणालो. वेळ होता, उगाच खोटं कशाला सांगू? पण क्लासच्या दारात पांढऱ्या गाड्या उभ्या असतात, डॉक्टर पालक येतात. तिथं हँडलला युरियाच्या गोण्या बांधून मी, हायस्कूलचा मास्तर, उतरणार? माझी लाज आडवी आली. तो म्हणाला, "लई गारठताल," आणि गेला. लातूरपर्यंतच्या त्या पट्ट्यात मला ब्रेक हातानं दाबतोय की मनगटानं, तेही कळत नव्हतं.

आठ पंचवीसला क्लासच्या काउंटरवर पोचलो. तिथल्या बाईंनी गेटपास पुढं केला. प्रवेशाच्या वेळी केलेली सही त्यांच्याकडे असते, ती जुळली तरच मुलगी बाहेर येते. मी पेन धरला. तो पडला. पुन्हा धरून सही केली.

"सर, जुळत नाही."

दुसरी केली. अक्षरं कुठच्या कुठं गेली. तिसरी तर मलाच ओळखू येईना. मी आधार कार्ड काढून दिलं. बाईंनी ते बघितलं, मला बघितलं आणि म्हणाल्या, "फोटो जुळतोय सर. सही जुळत नाही."

माझा तोल सुटला. "पोटची पोर आहे माझी! थंडीनं बोटं चालत नाहीत, म्हणून काय मी खोटा माणूस झालो?"

सगळे पालक वळून बघायला लागले. मी माझंच वाक्य ऐकलं आणि तसाच बाहेर येऊन पायरीवर बसलो.

गेटवरच्या शेखमामांनी घमेल्यात निखारे केले होते. ते म्हणाले, "या सर, हात शेका. अशा हातानं कुणाचीच सही जुळत न्हाई. पोरींना बी सांगतो मी, पेपराआधी दोन मिनिटं शेकून जावा. पण सहाला गेट बंद. थांबल्या तर पेपर बुडतो." मी विचारलं, पेपर कुठं असतो? त्यांनी मागचं शेड दाखवलं. वर पत्रा, दोन बाजू उघड्या. समोर क्लासची काचा लावलेली चार मजली इमारत.

त्र्याण्णवला भूकंप झाला त्या वर्षी मी दहावीत होतो, गाव औसा तालुक्यातलं. शाळेच्या भिंती उभ्या तडकल्या होत्या, म्हणून अख्खा हिवाळा आम्ही पत्र्याखाली शिकलो. तेव्हा कुणाचा इलाज नव्हता. इथं चार मजले आहेत आणि पोरं तरी पत्र्याखाली!

बोटांना मुंग्या आल्या, मग झणझणून दुखली, मग सही जुळली. ऋतुजा मान खाली घालून बाहेर आली. माझ्या चेहऱ्यावर राग होताच, तो आपल्यासाठी आहे असं तिला वाटलं असणार. मी शेखमामांच्या देखत म्हणालो, "चुकलो मी. तू खरं बोलत होतीस."  घरी चल म्हणालो, तर म्हणाली, "नाही बाबा. मला इथंच शिकायचंय. तुम्ही चुकलो म्हणालात ना, बास."

नऊला पाच कमी असताना संचालकांना गाठलं. पेपर ऊन पडल्यावर घ्या, नाहीतर इमारतीत घ्या, एवढंच मागितलं. ते हसून म्हणाले, "थंडी सगळ्यांनाच वाजते सर. आमचा निकाल बघा." निकाल मी बघितला होता. त्यात शेड दिसत नाही.

परतताना गंजगोलाईतून दोन गोण्या आणि सुतळी घेऊन भर बाजारात हँडलला बांधल्या. दुपार असली तरी वारं होतंच, पण नांदेडपर्यंत हात कोमट राहिले. तेव्हा हातमोज्यांवर पैसे घालवू नका, गोणी बांधा, आणि लाजू नका.

घरी येऊन क्लासला रीतसर अर्ज पाठवला. उत्तर नाही. आणखी चार पालकांच्या सह्या मिळवल्या आहेत, आता पुन्हा पाठवणार आहे. ऋतुजा अजून खालच्याच बॅचमध्ये आहे. मागच्या शनिवारी मार्कांचा मेसेज आला, आधीपेक्षा कमी. मी फोन केला आणि विचारलं, "जेवलीस का?"

 पलीकडून दबक्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, हे तुम्हीच बोलताय ना?"