तिच्या सुंभाचा कर

मी आणि माझ्या बायकोने शेवटचं मिळून काय केलं, तर पडवीत बसून काथ्याचं सुंभ वळलं. आता ती नाही. नारळाच्या कुजलेल्या सोडणांचा वास मात्र पडवीतून जात नाही, आणि मला तो पंचायतीचा कारकून आठवतो. तेव्हा आमच्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली होती. धंद्यावर कर बसणार म्हणून तो घरोघरी कमाई लिहून घेत होता. मी माझी होडी सांगितली. तोच ही हात पुसत पुढे आली. "माजा पण नाव लिवा. मी सुंभ वळतंय, वर्साक साठ रुपये गावतत." तो लिहिता लिहिता हसला. "बाई, लोक कमाई लपवतात, तुम्ही आपणहून सांगता?" "माज्या हाताची आसा, लपवू कित्याक?" कर दोन रुपयांनी वाढेल म्हणून मी मध्ये पडलो. "साहेब, बायकांचा कसला धंदा? फावल्या वेळचा चाळा तो." त्याने लिहिलेलं नाव खोडलं. ती एवढंच म्हणाली, "पयल्यांदाच कागदार इला होता माजा नाव." त्या दोन रुपयांना आज कुत्रं विचारत नाही. पण तेव्हा मला ते वाचल्याचाच आनंद. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वळलेली सुंभाची भेंडोळी मी बाजारात नेली आणि दुकानदाराला सांगितलं, माझा माल आहे.