शिंपडलेला रेडिओ

गोमूत्र जळाल्यावर कसा वास येतो, हे तुम्हाला माहीत नसेल. मला माहीत आहे. अमरावतीत एका वकिलांच्या बैठकीत, सोयऱ्याधायऱ्यांच्या गर्दीत तो माझ्या नाकात शिरला. मी सतरंजीवर गुडघे टेकून बसलो होतो. समोर रेडिओ गात होता. दोन दिवस खपून मीच त्याला गाता केला होता. त्याची पाठ अजून उघडी होती आणि झाकणाचे स्क्रू माझ्या मुठीत होते. तेवढ्यात वकिलीणबाई आल्या. हातात वाटी, वाटीत तुळशीची डहाळी. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘सरक तिकडे.’ आणि शिंपडलं. आधी रेडिओवर. मग मी बसलो होतो त्या सतरंजीवर. थोडं माझ्या मानेवरही. ते चुकून नव्हे.

रेडिओतले काचेचे, बल्बसारखे व्हॉल्व्ह चांगले तापलेले. त्यांवर ते थंडगार पडलं. एक फट्कन तडकला. मग धूर, मग तो वास. बायका पदर नाकाला लावून मागे सरल्या. गाणं बंद.

हे साठ सालानंतरचं. आम्ही दीक्षा घेतली त्याला काही वर्षं झाली होती. आमचं गाव भातकुलीकडचं. बापानं घरातले देव गाठोड्यात बांधून पेढी नदीत सोडले आणि मला म्हणाला, ‘आता मेलं ढोर ओढाचं नाई. हाताले दुसरं काई शिकव.’ मी हातांना रेडिओ शिकवला. अकोल्यात एका मेकॅनिककडे झाडू मारता मारता शिकलो, मग अमरावतीत रेडिओच्या दुकानात लागलो. मालकानं पहिल्याच दिवशी बजावलं, ‘घरोघरी जा लागते. कोनी आडनाव इचारलं तं हासून द्याचं.’ मी हसत आलो होतो. त्या हसण्याचा मला वीट आला होता, पण पोट चाललं होतं.

वकिलांकडची मंडळी उन्हाळाभर लग्नकार्यासाठी अकोल्याला होती. इकडे रेडिओत उंदरांनी संसार थाटला. परत आल्यावर बटण फिरवलं तर रेडिओ मुका. दुकानात पाठवायला वकील तयार नव्हते. रेडिओ घराबाहेर गेला की आतले चांगले व्हॉल्व्ह काढून जुने बसवतात, असा तेव्हा साऱ्या भल्या घरांचा समज. म्हणून मला मागच्या दारानं घेतलं आणि मागच्या पडवीत बसवलं. घाई होती. वकिलांची लेक नागपूरला जाऊन रेडिओसाठी गाऊन आली होती. ते गाणं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागणार होतं, आणि ऐकायला अख्खा गोतावळा जमणार होता.

झाकण काढलं आणि ओकारीच आली. कापूस, चिंध्या, लेंड्या, मुतानं गंजलेला पत्रा. एक मेलेलं पिल्लू ट्रान्सफॉर्मरला चिकटून वाळलेलं. ते मी नखानं खरवडून काढलं. बाई पडवीतून जाताना थांबल्या. म्हणाल्या, ‘असू दे, गणपतीचं वाहन आहे.’ उंदराचं मूत त्या घरात चालत होतं. त्यासाठी वाटी निघाली नाही.

कुरतडलेल्या तारा बदलल्या. गंज घासला, सुटलेल्या जोडांना कथलाचे डाग दिले, डायलचा काटा सरकवणारा तुटलेला दोरा नव्यानं ओवला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओ बैठकीत मांडला, एरियल जोडली. व्हॉल्व्ह हळूहळू तापले. आधी खरखर, आणि खरखरीतून कुणाचं तरी गाणं. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला.

वकील खूष. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. हो, मारली. म्हणाले, ‘वा रे पठ्ठ्या! आडनाव काय तुझं?’

हसून देता आलं असतं. पण गाणं मी चालू केलं होतं. ते ऐकत असताना स्वतःलाच लपवायचं, याची मला शिसारी आली. मी आडनाव सांगितलं. वर म्हणालो, ‘आमी बौद्ध आहो.’

वकिलांनी थाप मारलेला हात धोतराला पुसला. आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसेल. मग कोर्टातल्या आवाजात म्हणाले, ‘हे बघ, मी असलं काही मानत नाही. कायद्यानंही आता गुन्हा आहे. पण घरात देव आहेत, बाईमाणसं आहेत.’ आणि बाजूला सरून त्यांनी बाईंना वाट करून दिली. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

धूर निवल्यावर बाई म्हणाल्या, ‘पाहा! त्याचा हात लागला अन् जळलं. मी म्हणतच होती.’

एका म्हाताऱ्यानं मान डोलावली. मग बाकीच्यांनी. काय पडलं आणि कशानं फुटलं, हे साऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. वास साऱ्यांच्या नाकात होता. तरी माना हलत होत्या. गोमूत्र मी गावात रोज तुडवलंय, त्याचं काही नाही. पण त्या हलणाऱ्या मानांची मला किळस आली.

दुकानमालकाला बोलावणं गेलं. तो सायकल हाणत आला आणि उंबऱ्यातच हात जोडून उभा राहिला. वकील त्याला म्हणाले, ‘याला सर्वांसमोर म्हणू दे, की चूक माझ्या हातून झाली. आणि मग लगेच नवा व्हॉल्व्ह बसवू दे. संध्याकाळी गाणं आहे.’

म्हणजे माझ्या तोंडानं माझ्याच हातांवर आळ घ्यायचा, आणि मग त्याच हातांनी त्यांची संध्याकाळ सांभाळायची.

मालक माझ्या कानाशी लागला, ‘अबे, म्हनून टाक ना. एका शब्दानं तुह्या बापाचं काय जाऊन राह्यलं?’

माझ्या बापाचंच जात होतं. देव नदीत सोडून त्यानं माझे हात सोडवले होते.

नवा व्हॉल्व्ह माझ्या पेटीत होता. मी तो कागदातून काढून टिपॉयवर ठेवला, साऱ्यांना दिसेल असा. वकिलांची लेक दारात उभी होती, डोळे भरलेले. तिचं मला वाईट वाटलं. तरी म्हणालो, ‘बसवतो. आत्ताच बसवतो. पन आंधी बाईंनी सांगावं, कायनं फुटला ते.’

बाई आत निघून गेल्या. वकील छताकडे बघत राहिले. मालकाला रेडिओ विकता येत होते, दुरुस्त करता येत नव्हते. त्यानं एवढंच म्हटलं, ‘उद्यापासून येऊ नको.’

व्हॉल्व्ह दुकानाचा होता, तो तिथंच राहू दिला. हात माझे होते. ते घेऊन मी निघालो, बैठकीतून, साऱ्यांच्या मधून, पुढच्या दारानं.

संध्याकाळी चौकातल्या हॉटेलसमोर उभा राहून मी ते गाणं ऐकलं. पोरगी चांगली गायली होती. तिच्या घरात मात्र ते कोणाच्या कानी पडलं नाही. मला त्याचा आनंद झाला नाही आणि पस्तावाही झाला नाही. मानेला अजून तो वास येत होता.

आता अकोल्यात माझं स्वतःचं टेबल आहे. पाटीवर माझं आडनाव आहे, मोठ्या अक्षरांत. रेडिओ घेऊन वकील येवो, भटजी येवो, मी आधी एकच विचारतो, ‘दुरुस्त झाल्यावर याच्यावर काई शिपडनार असान, तं आत्ताच सांगा.’ कोणी हसतात. कोणी लालेलाल होतात आणि रेडिओ उचलून चालू लागतात. बायको म्हणते, ‘कावून इचारता? गिऱ्हाईक तुटते ना!’

तुटू दे. उत्तर मिळाल्याशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही. लावणारही नाही.